ग्राहकाची जमा बाकी येणे म्हणून दिसते, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ग्राहक खात्यावरील जमा रक्कम स्पष्ट न दिसणे

महोदय,

तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीची बाकी नावे (तिच्याकडून येणं) आहे की जमा (तिचे पैसे आमच्याकडे), हे चटकन कळत नाही. फोनवर विचारलं तर "वजाचं चिन्ह म्हणजे जमा" असं उत्तर मिळालं. हे चिन्ह कुठे आणि कसं दिसतं, ते आधी पाहा.

समजा, ठेकेदाराने ५०,००० रुपये आगाऊ दिले. बिल झालं ४७,२०० चं, म्हणजे ४०,००० चा माल आणि १८ टक्के जीएसटी. त्यातला ५,००० चा माल परत आला, ५,९०० ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम तेवढी कमी करणारा कागद, निघाली. पार्टीचे आमच्याकडे ८,७०० जमा. पण मोबाइलवर रकमेचा रकाना इतका अरुंद, की वजाचं चिन्ह वरच्या ओळीत लटकतं आणि खाली नुसते ८,७०० उरतात. खातेउताऱ्याच्या पीडीएफमध्ये तेच चिन्ह फिकट राखाडी, छापल्यावर दिसतही नाही. शेजारी मात्र ठळक अक्षरांत 'एकूण बाकी'. हा कागद हाती पडला की पार्टी एकतर चेक पाठवते, नाहीतर भांडायला येते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. आगाऊ आलेले ५०,००० 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याच बिलाशी न जोडता, पडून राहतात, बिलाला आपोआप लागत नाहीत. बिल उघडंच राहतं, ९० दिवसांनंतर थकीत रकान्यात जाऊन बसतं आणि तुमची वसुलीची आठवण त्याच पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते! आठवण पाठवण्याआधी खात्याची निव्वळ बाकी का तपासली जात नाही?

बेरजेतही घोळ आहे. एका पार्टीकडून २,४०,००० येणे, दुसरीकडून ८५,०००, तिसरीचे ६५,००० जमा. तुमचा अहवाल 'एकूण येणे २,६०,०००' म्हणतो. खरं येणं ३,२५,००० आणि देणं ६५,०००. ताळेबंदात ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम चालू देण्यांत जाते, येण्यांतून वजा होत नाही. कॅश क्रेडिटच्या (माल आणि येण्यांच्या तारणावरच्या बँक कर्जाच्या) स्टेटमेंटसाठी बँकेला येणी वयानुसार, म्हणजे किती दिवसांची आहेत तशी, द्यावी लागतात, त्यामुळे दरमहा हा आकडा एक्सेलमध्ये हातानेच फोडावा लागतो. मग वर्गणी कशाची घेता?

बदल मोठे नाहीत. रकमेपुढे 'जमा' किंवा 'नावे' हा शब्द छापा, वजाचं चिन्ह काढूनच टाका. अहवालाच्या तळाशी दोन वेगळ्या बेरजा द्या. नवं बिल करताना "या पार्टीचे ८,७०० जमा आहेत, या बिलाला लावायचे का?" असं विचारा, किती लावायचे ते आम्ही ठरवू, कारण काही पार्ट्यांना पैसे परतच हवे असतात. आणि जमा रकमेत आगाऊ किती, क्रेडिट नोटची किती, हे वेगळं दाखवा. दोन्ही एकत्र करून चालत नाही: मालावरच्या आगाऊ रकमेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून पैसे मिळताना जीएसटी भरावा लागत नाही, सेवेवरच्या रकमेवर लागतो, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खालच्या क्रेडिट नोटने आधी दाखवलेला कर कमी होतो.

तोवर वसुलीची आपोआप जाणारी आठवण आमच्या खात्यावर आजच बंद करावी, आणि वरचे बदल कोणत्या आवृत्तीत येतील ते लेखी कळवावं.

आपले,
हिशेब विभाग
विद्युत साहित्याचे घाऊक विक्रेते
लोहार चाळ, मुंबई