रेस डिसेंबरातच होणार

इंदूर, गुरुवार, रात्र

प्रिय बंड्या,

आपल्या माउंटन बाइक सिरीजच्या तिसऱ्या फेरीची जागा गेली. फार्मवाल्यांचा दुपारी फोन आला की आपल्या रविवारी त्यांच्याकडे लग्न आहे. देवउठनी ग्यारस झाली की शहराबाहेरचं प्रत्येक शेत मॅरेज गार्डन होतं, हे तुला काय सांगायचं. मांडव आधीच्या बुधवारपासून पडणार, टेकडीच्या पायथ्याशी जनरेटर, आणि आपला उतार संपतो नेमका तिथे आचाऱ्याची भट्टी. अॅडव्हान्स परत करतो म्हणाले. "जानेवारीत या ना, टेकडी कुठे जातेय?" असंही म्हणाले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या लेखी रेस म्हणजे टेकडी.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मग जानेवारीत घ्या. मास्तर म्हणाले, जानेवारीत घ्या. पैलवान तर म्हणाला, जानेवारीत गराडू जास्त चांगले मिळतात. तुला मात्र एका ओळीत कळेल म्हणून रात्री बसून लिहितोय: जानेवारीत पातालपाणीची पोरगी ज्युनिअर राहत नाही.

नियमावली तुझ्याच हातची आहे. यूसीआयचं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचं, वय कॅलेंडर वर्षावर चालतं. ज्या वर्षी सतरा किंवा अठरा पूर्ण होतात ते वर्ष ज्युनिअरचं, पुढे अंडर-२३. तू तो नियम जसाच्या तसा आपल्याकडे घेतलास आणि माझ्या मते फार बरं केलंस, नाहीतर दर रेसला जन्मदाखले घेऊन बाप लोक टेबलापाशी उभे राहिले असते. पण त्याचा अर्थ असा की ३१ डिसेंबरच्या रात्री ती झोपेल ज्युनिअर आणि उठेल अंडर-२३. आपल्याकडे बायकांच्या गटात मुळात संख्या कमी, त्यामुळे अंडर-२३ आणि इलिट, म्हणजे सगळ्यांत वरचा गट, एकत्रच सुटतात. म्हणजे भोपाळ आणि नाशिकच्या त्या मुरलेल्या बायांबरोबर हिची पहिली रेस, आणि तिच्यावर सिरीजचा निकाल! ते मला मान्य नाही. "जुन्या गटातच धावू दे" असं मास्तरांनी सुचवलं. ते मी करणार नाही, कारण मग पुढच्या वर्षी कोणीही येऊन म्हणेल की माझंही चालवून घ्या, आणि त्याला नाही कसं म्हणायचं?

पहिली फेरी तिची हुकली, भावाचं लग्न होतं. दुसरी ती जिंकली आणि कशी जिंकली ते मी तुला व्हिडिओवर दाखवलंय. तीनपैकी चांगल्या दोन धरायच्या, म्हणजे ही तिसरी झालीच नाही तर तिच्या खात्यात एकच फेरी, आणि बक्षिसाची तुझी सायकल दुसरीकडे जाणार. ती सायकल रामबागेत तुझ्या आईच्या गॅलरीत अजून तशीच टांगलेली आहे, गेल्या महिन्यात मी चेन धुऊन तेल घातलं. दुसरी कोणी जिंकली तर जरूर न्यावी. पण जिंकायची संधीच काढून घ्यायची आणि वर म्हणायचं टेकडी कुठे जातेय, हे मला सहन होत नाही.

आता तू म्हणशील, तारीख थोडी सरकव, डिसेंबर अजून बाकी आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांनी अवंतिकाची आणि पुणे गाडीची तिकिटं काढून ठेवलीत. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढावी लागतात. सायकली खोक्यात बांधून येतात बिचारे. वर्षाअखेरीच्या आठवड्यात आता तिकीट मागायला गेलं तर वेटिंगही हसेल. आणि जानेवारी, गटाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, धरायचा कुठे? संक्रांत होईपर्यंत गल्लोगल्ली मांजा. सायकलवाल्याच्या गळ्याशी तो काय करतो हे आपल्या दोघांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. त्यानंतर शाळांच्या प्री-बोर्ड, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, म्हणजे अर्धे ज्युनिअर घरी. मार्चात गहू कापणीला येतो, बांधावरून कोणी जाऊ देत नाही आणि देऊही नये. मग रंगपंचमी. गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, आसपास राजवाड्याची गर्दी सांभाळायची सोडून आपल्यासाठी चार पोलीस कोण देणार? पुढे ऊन आणि वाळलेलं गवत, एक बिडी पडली की टेकडी पेटते. आपल्या माळव्यात मातीवर सायकलची रेस घ्यायला वर्षातून किती थोडे रविवार असतात बघ. सोयाबीन निघतो, काळी माती वाळते, गहू पेरला जातो आणि थंडी पडते, एवढ्यातच काय ते. त्यातही कुणी रात्रीच्या लाईटवर मोटर लावून झोपला तर सकाळी पाणी बांध फोडून ट्रॅकवर.

मला आज दिवसभर अल्बस्टाट आठवत होतं. २०२० च्या जूनमध्ये तिथे माउंटन बाइक क्रॉस-कंट्रीची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, तुझ्या स्टुटगार्टहून इतकी जवळ की तू रजा मांडून मोकळा झाला होतास. मग कोरोनाने सगळं बंद. तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास की संपलं यंदाचं वर्ष. पण संपलं नाही! ऑस्ट्रियात लिओगांगला डाउनहिलची, म्हणजे नुसत्या उताराची, चॅम्पियनशिप ठरलेलीच होती, ती ऑक्टोबरमध्ये नेली आणि तिला यांनी क्रॉस-कंट्रीही जोडून दिली. एकाच आठवड्यात दोन्ही. चिखलात का होईना, झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात चेकमध्ये नोव्हे मेस्तोला एकाच जागी वर्ल्ड कपच्या दोन फेऱ्या उरकल्या. युरोपातल्या त्या लोकांनाही शेवटी हेच करावं लागलं ना, की जी जागा उभी आहे तिथे जा आणि वर्ष संपायच्या आत घ्या.

उलटं उदाहरणही आहे आणि त्याने मला जास्त धास्ती वाटते. कॉमनवेल्थचं बघ. २०२६ चे खेळ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने घेतले होते, जुलै २०२३ मध्ये हात वर केले. ग्लासगोने ते उचलले, खेळ वाचले, पण दहाच क्रीडाप्रकार ठेवून. सायकलिंगमध्ये फक्त ट्रॅक राहिलं, माउंटन बाइक गेली. यजमान बदलतो तेव्हा काहीतरी खाली पडतं, आणि पडतं ते नेहमी ज्याच्यासाठी बोलणारं कोणी नसतं ते. आपल्याकडे असं झालं तर काय पडेल? मास्तरांनी आज संध्याकाळीच सुचवलं की जागा लहान असेल तर मुलांची आणि ज्युनिअर मुलींची फेरी यंदा नको, इलिट पुरुष तेवढं घेऊ. मी चहा अर्धा टाकून उठलो. त्यांना वाईट वाटलं असेल, उद्या पोहे घेऊन जातो. पण त्या मुला-मुलींसाठीच तर हा सगळा खटाटोप!

तर जागेचं. सिमरोलच्या अलीकडे आत जाणारा तो रस्ता, जिथे तुझ्या सायकलचा गिअरचा हँगर तुटला होता आणि तू सायकल खांद्यावर घेऊन शिव्या देत चालला होतास. तिथून पुढे गावाची चरनोई आहे आणि तिला लागून बंद पडलेली मुरमाची खदान. दुपारी फोन ठेवला आणि तडक तिकडेच गेलो. सरपंचबाई ओट्यावरच भेटल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आओ नी भिया, जगा तो घणी हे." पण लगेच तीन गोष्टी घातल्या: ढोरं दुपारी बारानंतर नेहमीसारखी सुटतील, ढोरांच्या पाण्याचा फुटलेला हौद आपण बांधून द्यायचा, आणि गावातल्या पोरांची एक फेरी झाली पाहिजे, सायकल कसलीही चालेल. यातली तिसरी अट मला इतकी आवडली की पहिल्या दोन मी नीट ऐकल्याही नाहीत, पटवारीने परत सांगितल्या. शनिवारी ग्रामसभा आहे, ठराव झाला की एसडीएम ऑफिस आणि ठाणं. चरनोई ढोरांसाठी राखलेली जमीन, तेव्हा गावाच्या संमतीशिवाय तिथे एक खुंटी ठोकायची नाही, हे मी पैलवानाला तीनदा बजावलंय. तो चुन्याची फक्की आणायलाही निघाला होता! बाण कागदाचे लावायचे नाहीत हेही ठरलं. मागे शेळ्यांनी अख्खा दुसरा लॅप खाल्ला होता आणि तुझे इलिट वीर नाल्यात उतरून रस्ता विचारत होते, ते विसरला नसशील.

खदानीचं नाव ऐकून तुझ्या कपाळावर आठी आली असणार. पॅरिसला २०२४ मध्ये ऑलिंपिकची रेस झाली ती एलाँकूरची टेकडी आठव. जुनी दगडखाण, वर बांधकामाचा राडारोडा टाकून उभी राहिलेली. २३१ मीटर म्हणे, आणि तीच त्या भागात सर्वांत उंच. पंक्चर होऊन ब्रिटनचा पिडकॉक मागे पडला आणि पुन्हा येऊन जिंकला ते तिथेच, तू आणि मी फोन चालू ठेवून ओरडत होतो. म्हणजे खदानीत रेस होत नाही असं नाही, ती नीट आखावी लागते. माझी खरी चिंता तिथेच आहे आणि तिथे मला तू हवायस.

फार्मवर आपला लॅप साडेचार किलोमीटरचा होता. इथे ओढूनताणून तीन-सव्वातीन निघतो. चारच्या खाली जाणं मला आवडत नाही, पण दुसरा इलाज दिसत नाही. लॅप लहान म्हणजे पुढचे मागच्यांना लवकर गाठणार, आणि खदानीच्या काठाने जी वाट आहे ती एका सायकलपुरतीच. म्हणून सगळे गट एकत्र सोडायचे नाहीत, मुलं आणि ज्युनिअर सकाळी आधी, इलिट मागून, असं माझ्या मनात आहे. पहिल्या लॅपच्या ऐंशी टक्क्यांचा नियम, म्हणजे पुढच्याच्या पहिल्या लॅपच्या वेळेच्या ऐंशी टक्के मागे पडला की त्याला बाहेर काढायचं, इथे कडक पाळावा लागेल. हे तू तपास. काठाच्या आत पाणी साचलंय, चांगलं खोल. तिथून वाट दहा हात मागे घेतली तरी मला झोप लागणार नाही, तेव्हा बांबू आणि जाळी ठोकायचीच. मुख्य उतारावर मुरूम सुटा आहे, टाचेखाली ज्वारी सांडल्यासारखा, वळणावर पुढचं चाक नक्की सुटणार. तिथे मला दोन वाटा हव्यात: एक सरळ आणि अवघड, दुसरी वळसा घेऊन जाणारी. गावातली पोरं वळशानेच जातील. बाहेरच्या बाजूला भुश्याची पोती रचू, गावात भुसा भरपूर आहे. एक गोष्ट मात्र फार्मपेक्षा इथे चांगली: ट्रकचा रस्ता थेट तळापर्यंत जातो, म्हणजे अॅम्ब्युलन्स कुठल्याही वळणाला पोचू शकते. फार्मवर वरच्या टप्प्यातून स्ट्रेचर हातानेच आणावा लागला असता. खंडवा रोडचं काम चालू आहे, ट्रकांची रांग लागते, म्हणून एकाऐवजी दोन गाड्या उभ्या ठेवतोय. डॉक्टरांनी होकार दिलाय.

आणि हे वाचून मला "रद्द कर, पैसे परत कर" असं लिहू नकोस. चोरलच्या रेसच्या वेळी तू पहाटे तेच केलंस. त्या सकाळी रेस नको, हे तुझं बरोबरच होतं, काळ्या मातीने चाकं फोर्कमध्ये घट्ट बसली होती. पण चार कोरडे दिवस थांबून पुढच्या रविवारी घ्यायची सोडून तू ती त्या वर्षापुरती पुसूनच टाकलीस, हे मला आजही पटलेलं नाही. बडवाह्याचे ते दोघे भाऊ परत कधी आले नाहीत. तू म्हणतोस ते तसेही आले नसते. असेल. पण आपण त्यांना विचारलं कुठे?

माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे. काकूंचा गुडघा थंडीत धरतो, बाकी मजेत. परवा तिळाची चटणी डब्यात भरून माझ्याकडे दिलीय, तिकडे येणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो. वहिनींचं नवं काम कसं आहे? पिल्लू मराठी बोलतं का, की नुसतं जर्मन? घराच्या हप्त्याचं मिटलं का ते सावकाश लिही.

ट्रॅकचा नकाशा आणि मोबाइलवर काढलेला उताराचा व्हिडिओ याच्याबरोबरच पाठवलाय. रविवारी सकाळी मी, पैलवान आणि ती पोरगी तिघं जाऊन पहिला लॅप मारणार आहोत. तिला मुद्दाम नेतोय, कारण वळशाची वाट तिच्यासारखीला किती सेकंद महाग पडते ते मला आधी बघायचंय. त्याच्या आत, म्हणजे तुझ्याकडच्या शनिवारी रात्रीपर्यंत, मुख्य उतारावरच्या दोन वाटांबद्दल तुझं उत्तर हवं. नकाशावर लाल रंगाने खूण केली तर जास्त बरं, तुझं अक्षर मला अजूनही लागत नाही.

तुझा
अण्णा

ता. क. फार्मवाल्यांवर चिडून फोन करू नकोस. अॅडव्हान्स आला, त्यातूनच हौदाचं सिमेंट घेतोय.