ब्लॉग स्वतःचा, देखभालही स्वतःची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरचं लेखन कधी नाहीसं होईल याचा नेम नाही, तेव्हा लिहित्या माणसाने स्वतःच्या सर्व्हरवर ब्लॉग चालवावा, असा सल्ला हल्ली पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळतो. सल्ला योग्यच आहे. लोकांचं लेखन ठेवणाऱ्या सेवांपैकी जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, पोस्टरस २०१३ मध्ये, टाइपपॅड २०२५च्या सप्टेंबरअखेर. प्रत्येक वेळी मुदतीत आपला मजकूर उतरवून न घेणाऱ्यांचे हाल झाले. मात्र या लेखांची गाडी वर्डप्रेस (ब्लॉग चालवणारी प्रणाली) कसं बसवायचं इथे येऊन थांबते. बसवायला एक संध्याकाळ पुरते. पुढे दहा वर्षं ते चालू कसं ठेवायचं, याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून अशा संकेतस्थळांची देखभाल करणाऱ्या आम्हा काही वाचकांचं हे पत्र.

आधी डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता. सर्व्हर आज एका कंपनीचा असेल, उद्या दुसऱ्या. वाचकाच्या हाती असतो तो पत्ता, आणि तो गेला की जुनी प्रत्येक लिंक मेली. नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यात असावी. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने सोय म्हणून आपल्या खात्यात नोंदवलेलं नाव पुढे सोडवून घेताना नाकी नऊ येतात. त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना आपल्यापर्यंत पोचतच नाही. ‘आपोआप नूतनीकरण’ चालू ठेवून निर्धास्त झालेल्यांचं कार्ड मधल्या काळात बदललेलं असतं, हेही नेहमीचंच. डॉट कॉमसारख्या नावांना मुदत उलटल्यावर कंपनीच्या धोरणाप्रमाणे काही दिवस मिळतात, त्यानंतर ३० दिवस दंड भरून नाव सोडवता येतं, आणि त्यापुढच्या ५ दिवसांनी ते कुणालाही खुलं होतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी करता येते. ज्याला तारखा लक्षात राहत नाहीत त्याने ती करून टाकावी.

मग सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझरला संकेतस्थळाची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणारा दाखला. लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेट ९० दिवसांची असतात आणि ती मिळवणारा सर्टबॉट हा प्रोग्राम मुदतीच्या साधारण ३० दिवस आधी ती परस्पर नवी करतो. परस्पर होणारं काम बिघडतंही परस्परच. पडताळणीच्या नेहमीच्या पद्धतीला ८० क्रमांकाचं पोर्ट (सर्व्हरचं साध्या एचटीटीपीसाठीचं दार; सुरक्षित जोडणीचं ४४३) लागतं. ‘आता सगळं ४४३ वरच आहे’ म्हणून कुणीतरी फायरवॉलमध्ये ते बंद केलेलं असतं. किंवा नवं सर्टिफिकेट डिस्कवर येऊन पडतं, पण पानं पुरवणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामला कुणी रीलोड केलेलं नसतं, त्यामुळे तो मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो. नूतनीकरणानंतर रीलोड करणारी एक ओळ सर्टबॉटच्या हुकमध्ये घातली की हा प्रश्न मिटतो. तिसरं कारण लवकर सापडत नाही. सर्व्हर बदलताना डीएनएसमधली, म्हणजे डोमेनसमोर सर्व्हरचा क्रमांक (आयपी) सांगणाऱ्या यादीतली, जुन्या आयपी-व्ही४ पद्धतीची नोंद बदलली जाते, नव्या आयपी-व्ही६ पद्धतीची जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवत राहते. लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही नोंदी असतील तर व्ही६ ला प्राधान्य देतं, म्हणजे ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत आणि नूतनीकरण तेवढं नापास. मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा मुदत तपासून कळवणारी वेगळी सोय हवीच. सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं ठरलेलं आहे. हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्यांनी ही सवय आताच मोडावी.

एक दिवस ब्लॉग उघडावा तर पानावर एवढंच दिसतं, की डेटाबेसशी संपर्क होत नाही. १ जीबी मेमरीच्या छोट्या सर्व्हरवर याची कारणं बहुधा दोनच असतात. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्या प्रक्रियेला ठार करतो, आणि ती हटकून डेटाबेस चालवणारी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असते. कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद सापडते. २ जीबी स्वॅप (मेमरीसारखी वापरायची डिस्कवरची जागा) द्यावा आणि पानं तयार करणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या प्रक्रियांना चार-पाचाची मर्यादा घालावी. एकेक प्रक्रिया ५० एमबी खाते असं धरलं, तर वीस-पंचवीस प्रक्रिया सोडणारी मांडणी या यंत्रावर टिकणं शक्यच नाही. दुसरं कारण भरलेली डिस्क. लॉग, बॅकअप प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) त्याच डिस्कवर साठवलेल्या झिप फाइली आणि मायएसक्यूएलची बायनरी लॉग (आवृत्ती ८ मध्ये ती सांगितल्याशिवाय ३० दिवस राहते) हे तिघे आधी तपासावेत. कधी डिस्कवर जागा दिसते तरी एक अक्षर लिहिता येत नाही. तेव्हा आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात, कारण कॅश प्लगिनने लाखो चिमुकल्या फाइली करून ठेवलेल्या असतात. डिस्कची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ या आज्ञेला ‘-एच’ ऐवजी ‘-आय’ लावून पाहिलं की कळतं.

आता बॅकअप, कारण माणसं रडकुंडीला येतात ती इथे. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ चा नियम सगळ्यांना पाठ असतो. काय काय घ्यायचं हे मात्र माहीत नसतं. वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि चित्रं अपलोड्सच्या फोल्डरमध्ये. दोन्ही वेगवेगळं घ्यावं लागतं. डॅशबोर्डमधून ‘निर्यात’ करून मिळणाऱ्या एक्सएमएल फाइलला बरेच जण बॅकअप समजतात. त्या फाइलमध्ये चित्रं नसतातच, त्यांचे पत्ते असतात. आयात करताना नवा ब्लॉग ती जुन्या ब्लॉगवरून ओढून घेतो, आणि जुना बंद झालेला असेल तर ओढणार कुठून?

रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या सोयीने) चालणारा बॅकअपही फसवतो. मायएसक्यूएल-डंपने काढलेली डेटाबेसची प्रत (डंप) पाइपने, म्हणजे थेट, फाइल आवळणाऱ्या जीझिपला देण्याची पद्धत सर्वत्र आहे. डेटाबेसचा पासवर्ड बदलला की डंप नापास होतो, पण जीझिपला रिकामा मजकूरही चालतो. तो इमानेइतबारे २० बाइटची फाइल बनवतो आणि काम यशस्वी झाल्याचं कळवतो. सात दिवसांपूर्वीच्या फाइली पुसणारी ओळ खाली असतेच. म्हणजे आठवड्याभरात चांगल्या प्रती पुसल्या जातात आणि उरतात त्या तारीखवार नावांच्या रिकाम्या फाइली. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘पाइपफेल’ (मधला एक टप्पा फसला तरी सगळं काम नापास धरणारा पर्याय) चालू करावं, फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान असेल तर पुसण्याचं काम थांबवावं आणि ईमेल पाठवावा. डंप घेताना ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्यावा, नाहीतर डंप चालू असताना टेबलांना कुलूप लागलेलं राहतं आणि लेख साठवू पाहणाऱ्याला डंप संपेपर्यंत थांबावं लागतं.

तीन महिन्यांतून एकदा हा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहावा. यूटीएफ८-एमबी४ या सर्व लिपी सामावणाऱ्या अक्षरमांडणीचा रिकामा डेटाबेस करायचा, डंप आत घ्यायचा, अपलोड्स ठेवायचे, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर त्या यंत्राचा आयपी लिहायचा आणि ब्लॉग उघडायचा. सर्वांत जुना लेख आणि त्यातली चित्रं पाहायची, शोधाच्या चौकटीत एक मराठी शब्द टाकायचा. तासाभराचं काम आहे. मराठी ब्लॉगची मेख नेमकी इथे उघडी पडते.

मायएसक्यूएलची मूळ अक्षरमांडणी आवृत्ती ८ येईपर्यंत रोमन लिपीपुरती असलेली लॅटिन-१ होती. जुन्या ब्लॉगांवर देवनागरीचे बाइट त्या मांडणीच्या टेबलात तसेच भरलेले असतात आणि वाचतानाही तसेच परत मिळतात, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलेलं दिसत नाही. नव्या सर्व्हरवर गेलं की तो लॅटिन-१ समजून त्यांचं रूपांतर करतो, आणि पानभर एकच नक्षी उमटते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चार पायांचं बारीक वर्तुळ. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि व्यंजनांचे पहिले दोन बाइट सारखेच असल्याने ती नक्षी पुन्हापुन्हा येते. दीर्घ ईकार, उकार, हलन्त अशा चिन्हांचा दुसरा बाइट एकाने पुढचा, म्हणून मधूनमधून वर्तुळाच्या जागी येनचं चिन्ह. हे दिसलं तर घाबरू नये, मजकूर शाबूत असतो. जुन्या सर्व्हरवरून लॅटिन-१ जोडणीनेच डंप घ्यावा, त्या फाइलमध्ये जिथे लॅटिन-१ असा उल्लेख असेल तिथे यूटीएफ८-एमबी४ करावं आणि मग ती चढवावी; अर्थात मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच. पानभर नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे अक्षरं साठवतानाच गमावलेली असतात आणि जुना बॅकअप हाच एक उपाय उरतो.

याच तीन बाइटांचा आणखी एक जाच आहे. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यातला मथळा २०० रोमन चिन्हांच्या रकान्यात साठवतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे टक्केवारीच्या खुणांसह ९ चिन्हं खातं. मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. ‘स्वातंत्र्योत्तर कवितेतील निसर्ग’ या मथळ्याचा पत्ता ‘स्वातंत्र्योत्तर-कवितेत’ इथेच तुटतो. पुढच्या महिन्यात ‘स्वातंत्र्योत्तर कवितेतील स्त्री’ लिहिलं की त्याला जवळजवळ तोच पत्ता शेपटीला २ लावून मिळतो. शिवाय लिंक कुठे चिकटवली की टक्क्यांची लांबलचक माळ होते. लेख प्रसिद्ध करण्याआधी रोमनमध्ये दोन-तीन शब्दांचा पत्ता हाताने द्यावा. आधीचे पत्ते बदलायचे असतील तर प्रत्येक जुना पत्ता ३०१ च्या पुनर्निर्देशनाने नव्याकडे वळतो आहे ना हे तपासावं, नाहीतर आपणच आपल्या लिंक तोडल्यासारखं होतं.

अद्ययावतीकरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आम्ही थोडक्यात आटोपतो. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आता चार वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी उडी मारावीच लागते, आणि त्या दिवशी तुटतं ते वाऱ्यावर सोडलेलं एखादं प्लगिन. गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर चाचणी झालेली नाही, असा इशारा प्लगिनच्या पानावर दिसला की पर्याय शोधायला लागावं. एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरण्याचं दार) पासवर्डाने उघडं ठेवू नये, ‘की’ म्हणजे किल्लीची फाइल वापरावी. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या प्रोग्रामना ब्लॉगशी बोलू देणारं दार) लागत नसेल तर बंद करावं. पासवर्ड ओळखू पाहणारे रोबो रात्रंदिवस तिथेच धडका देतात. आणि ईमेलचा सर्व्हर स्वतः चालवण्याच्या भानगडीत पडू नये. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या सगळ्या नोंदी करूनही पत्र स्पॅममध्ये जातं, कारण तुमच्या आयपीचा आधीचा मालक कोण होता हे तुमच्या हाती नसतं. ब्लॉगकडून जाणाऱ्या सूचना दुसऱ्या कुणाच्या एसएमटीपीमधून (ईमेल पाठवणाऱ्या सेवेतून) ५८७ पोर्टने पाठवाव्यात.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग हा उपद्व्याप कशाला? आमचं मत असं, की बहुतेक लेखकांना डेटाबेसची गरजच नसते. ह्यूगो किंवा जेकिलसारख्या साधनाने लेखांची साधी एचटीएमएल पानं करून ठेवली, तर मेमरी संपणं, पासवर्ड फोडणं, अक्षरमांडणीचा गोंधळ, हे सगळे प्रकार मुळातच उरत नाहीत. सर्व मजकूर साध्या फाइलींत असतो आणि त्या फोल्डरची प्रत हाच बॅकअप. गैरसोयी आहेत: फोनवरून चटकन लेख टाकता येत नाही, वाचकांच्या प्रतिसादांसाठी वेगळी सोय लागते, आणि ह्यूगोच्या नव्या आवृत्तीवर जुनी थीम अडखळते, तेव्हा चालणारी आवृत्ती जपून ठेवावी. आठवड्याला एखादा लेख लिहिणाऱ्याला हे जड जाऊ नये.

कुठलाही मार्ग धरला तरी एक सुख मिळतं, आणि ते थोडं नाही. होस्टिंग कंपनीने त्रास दिला तर आदल्या दिवशी डीएनएसची टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणायची, नव्या सर्व्हरवर बॅकअप चढवायचा, नोंद बदलायची. दुपारपर्यंत ब्लॉग त्याच पत्त्यावर, त्याच लिंकांसह नव्या जागी सुरू. वाचकाला पत्ताही लागत नाही. हे स्वातंत्र्य फुकटच्या कुठल्याही व्यासपीठावर मिळत नाही.

मात्र या सगळ्याची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात राहते. डोमेन कुठे नोंदवलं आहे, खात्याचा ईमेल कोणता, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड कुठे ठेवले आहेत, बॅकअप कुठे जातो, हे कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवावं. पडताळणीचा कोड लेखकाच्याच फोनवर येतो आणि फोन उघडत नाही, अशी अडचण लेखकामागे घरच्यांपुढे उभी राहते. आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘स्वतःचा ब्लॉग सुरू करा’ असा लेख छापाल तेव्हा वर्डप्रेस बसवण्याच्या चौकटीशेजारी बॅकअप परत चढवण्याची कृतीही छापावी. जागा कमी पडली तर पहिली चौकट वगळली तरी चालेल.

आपले,
संकेतस्थळांची देखभाल करणारे काही वाचक