दादरचे आकडे आणि ठाण्याचा ‘अ’

दादरला वर्षानुवर्षे ‘एक नंबरला भेटू’ म्हटले की ‘सेंट्रलचा की वेस्टर्नचा?’ हा प्रश्न ठरलेलाच. ९ डिसेंबर २०२३ पासून तो मिटला. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. जुना दोन नंबर तर रुंदीकरणात एक नंबरमध्येच सामावला. त्यामुळे एकचा आठ झाला, पण तीनचा दहा न होता नऊ झाला! जुन्या प्रवाशांचा हिशेब तिथेच चुकायचा. तरीही हा बदल शहाणपणाचाच.

मग हीच शिस्त ठाण्याच्या १०अ आणि कल्याणच्या १अ या फलाटांना का नाही? रोजच्या प्रवाशाला ‘अ’ पाठ असतो. बाहेरगावहून सामानासह आलेल्याला मात्र घोषणेच्या गोंगाटात फक्त आकडा ऐकू येतो. सगळे क्रमांक बदलणे खर्चिक असेल, हे मान्य. निदान पुलावर, जिना उतरण्याआधीच, ‘अ’ ठळक रंगवावा आणि घोषणेत क्रमांक दोनदा उच्चारावा.

– एक प्रवासी, डोंबिवली