संज्ञा देवनागरीत, घोळ शेतात

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

आपल्या शेतीपानावरील खतांच्या सल्ल्यात मूलद्रव्यांच्या संज्ञा हल्ली देवनागरीत छापल्या जातात. वाचायला सोपे जाते, पण त्यात संज्ञेचा अर्थच हरवतो. अक्षरांच्या संज्ञांची आजची पद्धत स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1813-14 मध्ये मांडली. रोमन लिपीत पहिले अक्षर मोठे आणि दुसरे असेल तर लहान, हा तिचा कणा. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसते. त्यामुळे ‘सीओ’ म्हणजे कोबाल्ट की कार्बन मोनॉक्साइड, हे संदर्भावरून ताडावे लागते. ‘एमजी’ तर मॅग्नेशियमही आणि मिलिग्रॅमही!

त्यातच मॅग्नेशियम आणि मँगनीज. दोन्ही नावे ग्रीसमधल्या मॅग्नेशिया प्रांतावरून आली, संज्ञा ‘एमजी’ आणि ‘एमएन’. एक अक्षर चुकले की फवारणी चुकते. कपाशीवर मॅग्नेशियमची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल पडतो. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट 1 टक्का, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. मँगनीज झाडात सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता वरच्या कोवळ्या पानांवर उमटते. तिथे मॅग्नेशियम फवारून पैसा वाया जातो.

पालाशची संज्ञा ‘के’ का, हा प्रश्न नेहमी येतो. पोटॅशियमसाठी ‘पी’ वापरता येत नाही, ते स्फुरदाचे म्हणजे फॉस्फरसचे. ‘के’ आला कॅलियम या लॅटिन नावावरून, आणि त्याचे मूळ राखेसाठीच्या अरबी शब्दात आहे. पोटॅश म्हणजेही भांड्यातली राखच.

खरा घोळ आकड्यांचा. बॅगेवरचे स्फुरद-पालाशाचे आकडे शुद्ध मूलद्रव्याचे नसतात, ऑक्साइडच्या रूपातले असतात. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 18:46 मध्ये 18 टक्के नत्र खरेच नत्र आहे, पण 46 टक्के म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड. त्याला 0.436 ने गुणले की फॉस्फरस मिळतो, सुमारे 20 टक्के. पालाशचा आकडा पोटॅशियम ऑक्साइडचा, त्याला 0.83 ने गुणावे. विद्यापीठाच्या शिफारशीही ऑक्साइडच्याच हिशेबात असतात. हेक्टरी 60 किलो स्फुरद म्हणजे डीएपी सुमारे 130 किलो, अडीच बॅगांहून थोडे जास्त. तेच 60 किलो शुद्ध फॉस्फरस समजून हिशेब मांडला तर जवळपास 300 किलो, म्हणजे सहा बॅगा लागतात. बातमीत नुसते ‘पी 60’ छापले तर वाचक यातले कोणते समजेल?

झिंक सल्फेटचेही तसेच. साध्या, सात पाण्याच्या (म्हणजे स्फटिकात पाण्याचे सात रेणू असलेल्या) झिंक सल्फेटमध्ये जस्त 21 टक्के, एका पाण्याच्यात 33 टक्के. हेक्टरी 25 किलोची शिफारस पहिल्याची असेल, तर दुसरे 16 किलो पुरते. आणि झिंक सल्फेट डीएपीत मिसळून देऊ नये: जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते. आपल्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत जस्त तसेच दुर्मिळ.

म्हणून सल्ल्यात आधी मराठी नाव, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असे द्यावे, संज्ञा रोमन लिपीत जशीच्या तशी, आणि आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा हे शेजारी लिहावे. कमी शब्दांत भागते.

पाण्याच्या बातम्यांनाही हे लागू. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पण काही अहवाल नायट्रेटमधला फक्त नत्र मोजून देतात. असा 12 चा आकडा 45 शी ताडला तर पाणी चांगले वाटते. प्रत्यक्षात ते 12 गुणिले 4.43, म्हणजे 53 मिलिग्रॅम नायट्रेट असते.

आपले,
रसायन व मृदाशास्त्राचे काही शिक्षक, परभणी