‘किती किलो उतरले?’ हे धावणाऱ्याला विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावायला लागलेल्या माणसाला सोबत्यांकडून पहिली दाद मिळते ती बहुतेक वेळा वजनाची. ‘छान बारीक झालास’, ‘अजून दोन किलो काढ, मग बघ कसा पळशील’. हे प्रेमानेच म्हटलेले असते. पण धावणाऱ्यांच्या गटांना सराव देताना आम्हाला वारंवार दिसते की, नवख्याचे धावणे सुटायला हीच दाद पुष्कळदा कारणीभूत होते. म्हणून हे पत्र. सोबत्याला धीर द्यायचा तर काय विचारावे, काय सांगावे आणि कुठे थांबवावे, एवढ्यापुरतेच लिहितो.

आधी वजनाचा हिशेब. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर धावले की सुमारे ३५० कॅलरी गेल्या. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. नुसत्या धावण्याने ती घालवायची तर अशा २२ फेऱ्या हव्यात, आणि त्याही खाणे तसूभर न वाढवता. पहिल्या महिन्यात काटा हलत नाही म्हणून माणूस खचतो, तेव्हा सोबत्याने हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. त्याचे काही चुकलेले नसते.

उलट सुरुवातीच्या आठवड्यांत वजन किलोभर वाढूही शकते. धावू लागल्यावर स्नायू ग्लायकोजेनचा (स्नायूंत साठवल्या जाणाऱ्या साखरेचा) साठा वाढवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. रक्तातल्या द्रवाचे प्रमाणही वाढते. हे शरीर सुधारत असल्याचे लक्षण आहे, पण काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही. उन्हातल्या लांब धावण्यानंतर दीड किलो ‘उतरलेले’ दिसते, तेही पाणीच; पाणी प्यायल्यावर ते परत येते. वजन करायचेच असेल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी करावे आणि एका दिवसाचा आकडा न धरता सात दिवसांची सरासरी धरावी. सोबत महिन्यातून दोनदा कमरेचा घेर मोजावा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी तेवढ्याच खाऊन ‘परत मिळवायच्या’ ही सवयही मोडायला हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा कॅलरीच्या बाबतीत त्यांतल्या सर्वांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते. कौतुक वजनाचे झाले की माणूस धावणे वाढवतो आणि ताट कमी करतो, दोन्ही एकदम. समजा वजन ६० किलो आहे आणि त्यातले चरबी सोडून ४५ किलो. रोज १० किलोमीटर धावण्यात ६०० कॅलरी गेल्या आणि दिवसाचे खाणे १,८०० कॅलरींचे ठेवले. १,८०० हा आकडा ऐकायला ठीक वाटतो. पण धावण्याचा खर्च वजा जाता उरतात १,२००, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २७ सुद्धा नाहीत. हा आकडा सतत ३०च्या खाली राहिला की शरीर इतर कामांत काटकसर करू लागते: हाडांची दुरुस्ती, संप्रेरके, रोगप्रतिकार. पंचेचाळीसच्या आसपास तो निर्धास्त असतो. ही तीसची रेघ प्रत्येकाला तंतोतंत लागू पडते असे नाही, पण धोक्याची खूण म्हणून ती उपयोगी आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ असे नाव दिले. ती स्त्री-पुरुष दोघांनाही होते आणि दिसायला सडपातळ नसलेल्यालाही होते. मासिक पाळी लांबणे किंवा थांबणे, सारखी सर्दी, झोप उडणे, चिडचिड, एरवीचाच वेग जड वाटणे, हाडाला तडा जाणे या तिच्या खुणा. पाळी तीन महिने आली नाही तर ‘खूप व्यायाम करतेस ना, मग होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जायला सांगावे, शक्य असेल तर सोबत जावे.

वजन कमी करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याने दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची तूट ठेवावी. त्याने आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते आणि धावणेही टिकते. ही तूट कुठे करायची याला फार महत्त्व आहे. जोरकस किंवा लांब धावण्याच्या आधीचे आणि नंतरचे जेवण कापू नये. विश्रांतीच्या दिवशीचे गोड, तळलेले आणि साखरेची पेये कापावीत. स्पर्धा तीन-चार आठवड्यांवर आली की तूट बंद.

खाण्याबद्दल सोबत्याला ‘नीट खा’ असे सांगून काहीच हाती लागत नाही. नेमके सांगावे. धावण्याआधी दोन-तीन तास मिळत असतील तर कर्बोदके जास्त आणि चोथा-तेल कमी असे साधे जेवण. पहाटे उठून लगेच निघायचे असेल तर अर्धा तास आधी एक केळे. धावणे दीड तासाच्या पुढे जाणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके वाटेतच घ्यावीत, आणि पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच. पाय जड झाल्यावर घेतले तर उशीर झालेला असतो. याचीही सवय पोटाला सरावातच लावावी लागते. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदाच नवी जेल (धावताना घ्यायचा कर्बोदकांचा घट्ट गोड पाक) तोंडात टाकणाऱ्याचे पोट ढवळते, कारण धावताना रक्तपुरवठा आतड्यांकडून स्नायूंकडे वळलेला असतो. प्रथिने दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमच्या खाली नकोत. वजन उतरवत असताना १.६ च्या आसपास ठेवावीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. ती एकाच जेवणात न कोंबता २०-२५ ग्रॅमच्या हिश्श्यांनी दिवसभर घ्यावीत. तीन अंडी आणि एक ग्लास दूध, किंवा २०० ग्रॅम शिजवलेली मसूर आणि एक ग्लास दूध, यात साधारण तेवढी येतात. जेवणाला लागूनच चहा-कॉफी घेतली तर अन्नातले लोह कमी शोषले जाते. धावणाऱ्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, लोहाची कमतरता बरीच आढळते, म्हणून तासाभराचे अंतर ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत सोबत्यांचा आग्रह दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी होते, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामाने जाते त्याहून जास्त पिण्याशी आढळला. ‘पी, पी, अजून पी’ हा सल्ला म्हणूनच निर्धोक नाही. तासभर धावण्याआधी आणि नंतर, मधे काही न पिता, वजन करावे. जितके किलो कमी तितके लिटर घाम. तहानेप्रमाणे प्यावे, आणि धावून परत आल्यावर वजन निघतानापेक्षा जास्त भरू नये.

धावण्याच्या वेगाचे म्हणाल तर नवख्याचे सर्वांत जास्त नुकसान गटातच होते. दोघे बरोबर निघतात, वेगवान सोबती ‘चल, चल’ करतो, संथ माणूस दहा मिनिटांत धापा टाकतो आणि घरी जाताना ठरवतो की हे आपले काम नाही. हृदय-फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, स्नायुबंध आणि हाडांना महिने लागतात. ‘आता दम लागत नाही’ असे म्हणत अंतर वाढवणाऱ्याची नडगी नेमकी याच फटीत दुखू लागते. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे, हीच वेगाची मर्यादा. सुरुवात करणाऱ्याने ५ मिनिटे भरभर चालावे, मग १ मिनिट धावणे आणि २ मिनिटे चालणे असे आठ वेळा करावे आणि शेवटी ५ मिनिटे चालावे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. बोलण्याची कसोटी पार पडत असेल तरच पुढच्या आठवड्यात धावण्याचा तुकडा अर्ध्या मिनिटाने वाढवावा.

वेगवेगळ्या वेगाच्या लोकांनी बरोबर सराव करायची एक सोपी युक्ती आहे. अंतर ठरवू नये, वेळ ठरवावी. सगळ्यांनी एकाच रस्त्याने निघायचे, १५ मिनिटे झाली की जो जिथे असेल त्याने तिथूनच वळायचे. प्रत्येकाने आपला वेग सारखा ठेवला तर सगळे एकाच वेळी सुरुवातीच्या जागी पोहोचतात. कोणी मागे पडत नाही आणि कोणाला ताटकळावे लागत नाही.

दुखण्याबद्दल मात्र धीर देऊ नये. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखत असेल आणि धावायला लागल्यावर कमी होत असेल तर अंतर निम्मे करून, पोटऱ्यांचा व्यायाम वाढवून बघता येते: पायरीच्या कडेवर टाचा उचलणे, खाली येताना तीन सेकंद, १५ वेळा, तीन फेऱ्या. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी. त्या दिवशी धावणे थांबवून डॉक्टर गाठावा. अशा माणसाला ‘थोडं सहन कर, निघून जाईल’ म्हणणाऱ्या सोबत्यामुळे सहा आठवड्यांची विश्रांती सहा महिन्यांवर जाऊ शकते.

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू केलेली ‘पार्करन’ ही सामूहिक धाव आज अनेक देशांत दर आठवड्याला होते. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांत मागे चालतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच येतो, नवख्याचा कधीच नाही. प्रत्येक गटाने हे काम आळीपाळीने कोणाकडे तरी द्यावे. त्या दिवशी त्या माणसाने स्वतःचा वेग विसरावा आणि शेवटच्याला विचारावे: काल झोप किती झाली? निघण्याआधी काय खाल्ले? दुखतंय का कुठे? आता बोलता येतंय ना?

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वजन घटवलेल्या धावपटूंची छायाचित्रे आणि माहिती छापताना किती किलो याबरोबर किती महिन्यांत, आठवड्याला किती धावून आणि दिवसाला काय खाऊन, हेही छापावे. हे तपशील मिळत नसतील तर किलोंचा आकडा मथळ्यात देऊ नये.

आपले,
धावण्याचा सराव घेणारे काही प्रशिक्षक