चिंतेच्या पुरवणीत जिक्र राहून गेला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला चिंताविकारावरचा लेख वाचला. औषधं, समुपदेशन, झोप, व्यायाम यांबद्दल त्यात नेमकं लिहिलं आहे. अध्यात्माच्या चौकटीत ध्यान, प्राणायाम, नामस्मरण आलं. नमाज आणि जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, मात्र आले नाहीत. मी ग्वाल्हेरात बरीच वर्षं समुपदेशन केलं. येणाऱ्यांत मुस्लिम मुली आणि त्यांच्या आया नेहमी असत. जिवाला घोर लागला की त्या आधी कशाकडे वळतात हेच समोरच्याला ठाऊक नसेल, तर बोलणं पुढे कसं सरकणार?

आमच्या गावाला यात परकं काही नाही. हजिऱ्यात तानसेनाच्या समाधीजवळ ज्यांचा मकबरा आहे, त्या सूफी संत मोहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकात ‘अमृतकुंड’ हा योगावरचा ग्रंथ ‘बहर-उल-हयात’ या नावाने फारसीत आणला. त्यात आसनं आहेत, श्वासाचा अभ्यास आहे आणि योग्यांच्या मंत्रांशेजारी अल्लाहची नावं आहेत. तानसेन समारोहाची सकाळ आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिपठणाने, सुरू होते. अशा गावातल्या वाचकाला ती चौकट अपुरी वाटली तर नवल नाही.

नमाजानंतर तसबीहवर, म्हणजे जपमाळेवर, ३३ वेळा ‘सुभानअल्लाह’, ३३ वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’ आणि ३४ वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणतात. ओठ, बोटं आणि श्वास एका लयीत आले की धावणारं मन थोडं थांबतं, हे माळ ओढणाऱ्या आपल्या आज्यांना वेगळं सांगायला नको. पहाटेच्या फज्रपासून रात्रीच्या इशापर्यंत नमाजाच्या ठरलेल्या पाच वेळा विस्कटलेल्या दिवसाला खुंट्या देतात. अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणाला शांती मिळते, असं कुराणात (सूरह रअद, आयत २८) म्हटलं आहे.

पण याच आयतीचा आधार घेऊन कुणी घाबरलेल्या मुलीला ‘तुझं इमान (श्रद्धा) कच्चं, म्हणून धडधडतं’ असं सांगतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. स्वतः पैगंबरांनी चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहकडे आश्रय मागितला; ती दुआ (प्रार्थना) बुखारीच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. ज्यांनी हे मागितलं त्यांचं इमान कच्चं होतं का? अल्लाहने असा एकही आजार दिला नाही ज्यावर इलाज दिला नाही, ही हदीसही तिथेच आहे. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास कसा ठरेल?

एक त्रास मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे: वजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी, झाला की नाही या शंकेने तासभर हात-पाय धुणाऱ्या मुली. घरचे आधी कौतुक करतात, मग वैतागतात. घरात याला वसवसा म्हणतात; डॉक्टर तपासून ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, म्हणू शकतात. आणि इथे खुद्द फिक्ह, म्हणजे इस्लामी आचारशास्त्रच, मदतीला येतं. खात्री शंकेने मोडत नाही, असा त्यातला नियम आहे. वजू केल्याचं नक्की आठवत असेल, तर तो तुटला असेल एवढ्या शंकेवर पुन्हा करायचा नाही. शंका मनात राहू द्यायची आणि नमाजाला उभं राहायचं. ओसीडीच्या उपचारातही जवळपास हेच करायला लावतात. जाणत्या मौलानांनी हे मुलीला एकदा सांगितलं, तर समुपदेशकाचं अर्धं काम हलकं होतं. मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी हजार वर्षांपूर्वीच भीती, दुःख, राग आणि डोक्यात घोळणारे विचार वेगवेगळे धरून त्यांच्या उपचारांवर लिहिलं होतं.

उठवत नसेल तर नमाज बसून, तेही जमत नसेल तर पडून अदा करता येतो. पाळीच्या दिवसांत नमाज नसतो, तरी जिक्र आणि दुआ चालू ठेवता येतात. त्या दिवसांत आधार सुटल्यासारखं वाटणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं. रोज्यांबाबत मात्र खबरदारी हवी. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुराणानेच दिली आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला आणि एखाद्या आलिमना (इस्लामी धर्मपंडितांना) एकत्र लिहायला सांगावं. त्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा, आणि शक्य झालं तर तेच पान हिंदी-उर्दूतही काढावं. हजिऱ्यातल्या मशिदींजवळ ते लावायला मी स्वतः जाईन.

आपली,
एक निवृत्त समुपदेशिका
लष्कर, ग्वाल्हेर