आफ्रिकेवर लिहिताना सेम्बेनला विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीतला आफ्रिकन कादंबऱ्यांवरचा लेख आवडला, पण त्यात सगळा भर गावं, देव, मिशनरी आले आणि जुनं जग मोडलं ह्यावरच होता. ते खरंच आहे, पण त्याच गोऱ्यांच्या राज्यात लोक नोकऱ्या करत होते, पगारासाठी भांडत होते, युनियन बांधत होते, त्यांच्यावर कुणी लिहिलंच नाही का? लिहिलंय ना, सेनेगलच्या उस्मान सेम्बेननी. 'गॉड्स बिट्स ऑफ वूड' ही कादंबरी, मूळ फ्रेंच, १९६० सालची. सेम्बेन स्वतः मार्सेच्या बंदरात हमाली केलेला माणूस, त्यामुळे कामगाराच्या घरात पगार थांबला की काय काय होतं ते त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

गोष्ट खऱ्या संपाची आहे. फ्रेंचांच्या ताब्यातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या डाकार-नायजर रेल्वेचे आफ्रिकन कामगार ऑक्टोबर १९४७ मध्ये संपावर गेले ते थेट मार्च १९४८ पर्यंत. कादंबरीत मागण्या बघा, पगारवाढ, पेन्शन, आणि गोऱ्या कामगारांना मिळतो तसा कुटुंबभत्ता. आमच्यासारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला ह्यात काही परकं वाटतच नाही. पण कंपनीचा साहेब देजां, त्याला नेमका हा भत्ताच खुपतो, कारण तो दिला तर आपण कामगारांपुढे नाही, काळ्यांपुढे झुकलो असं होईल असं त्याला वाटतं. साम्राज्य म्हणजे काय ते मला ह्या एका पानावर जेवढं कळलं तेवढं इतिहासाच्या पुस्तकात कधी कळलं नव्हतं.

मग कंपनी वस्तीचं पाणी तोडते, दुकानदार उधारी बंद करतात, आणि इथून कादंबरी बायकांच्या हातात जाते. डाकारची रामातुलाये, घरात पोरं उपाशी, आणि तिचा सख्खा भाऊ हाजी मबिग्वे साहेबांच्या बाजूचा, त्याचा माजलेला मेंढा घरात घुसून उरलंसुरलं खाऊन जातो तेव्हा ती सुरी घेऊन त्या मेंढ्याला कापते आणि पोरांना खायला घालते. पोलीस मेंढा न्यायला येतात तर सगळ्या बायका त्यांच्यावर तुटून पडतात. पुढे थिएस ह्या रेल्वेच्या गावाहून बायका डाकारपर्यंत चालत निघतात, उन्हातान्हात, पुढे पेंदा, जिला गावानी वेश्या म्हणून बाजूला टाकलेलं, आणि डाकारच्या वेशीवर सैनिकांच्या गोळीनी तीच मरते. तो मोर्चा वाचताना मला मधे पुस्तक खाली ठेवावं लागलं.

बामाकोचा, म्हणजे आजच्या मालीतला, भाग पण विसरता येत नाही. दियारा नावाचा एकजण संप फोडून कामावर गेला, त्याला धरून आणतात, पण मारहाण नाही, युनियनच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर खटला, आणि स्वतःच्या नातलगांसमोर त्याची जी लाज निघते तीच शिक्षा पुरे असं म्हातारा फा केता सांगतो. नंतर ह्याच फा केताला गोऱ्यांच्या कैदी-छावणीत डांबतात, नमाज पढताना लाथा घालतात, तरी बाहेर आल्यावर तो द्वेषाची भाषा बोलत नाही. संपाचा पुढारी बकायोको मला थोडा कोरडा वाटला हेही सांगतो, घरच्यांशी पण तो युनियनच्या मीटिंगमध्ये असल्यासारखाच वागतो. पण डाकारच्या सभेत गव्हर्नर आणि बडे लोक समोर असताना तो लोकांच्या भाषांमध्ये बोलतो आणि त्यानंतर अख्खं शहर बंद होतं, तेव्हा त्याचं मोठेपण मान्य करावंच लागतं.

ही कादंबरी मराठीत यायला हवी, युनियनच्या ऑफिसात, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाचली जायला हवी. तोपर्यंत निदान तुमच्या पुरवणीनी तिला एक पूर्ण पान द्यावं ही कळकळीची विनंती. आणि लिहिणाऱ्याला एवढंच सांगा की सुरुवात बकायोकोपासून करू नका, रामातुलायेपासून करा.

आपला,
एक वाचक, भुसावळ